अपघाताच्या केसचं खातं आणि दुसऱ्याचा मोबाईल नंबर

घरात कुणाची अपघाताची केस चालू असेल, मग तुम्ही बेळगावचे असा, खानापूरचे असा नाहीतर निपाणी-हुक्केरीकडचे, तर पैसे जमा व्हायला जे खातं दिलंय त्याला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय हे बँकेत जाऊन विचारा. एजंटला विचारू नका, बँकेत विचारा.

माझे 3,10,000 रुपये मंजूर झाले होते. हातात आले 84,000. मधले कुठं गेले ते सांगतो, कारण ज्यानं हे केलं तो अजून दवाखान्यांतून फिरतोय. त्याचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि असला माणूस काही एकटा नाही.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. मच्छेहून सायकलनं जातो. नोव्हेंबर 2024 मध्ये पहिल्या शिफ्टला निघालो असताना पिरनवाडीच्या अलीकडं मालाच्या टेंपोनं मागून उडवलं. टेंपोवाला थांबला, लोकांनी नंबर टिपला, फिर्याद झाली, टेंपोचा विमाही चालू होता. म्हणजे केस म्हणून बघितली तर अडचणीचं काही नव्हतं. उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लेट आणि स्क्रू बसले. ऑपरेशन आणि औषधं मिळून 1,40,000 गेले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तो एजंट आला. पस्तिशीचा असेल, हातात शहाळं आणि बिस्किटाचे पुडे. "मामा, कसं वाटायलंय आता? मी आपल्याकडचाच, खानापूर साईडचा." बायकोला मामी म्हणाला, तिला डबा कुठनं येतो विचारलं. मग म्हणाला, "पोलिसांचे कागद सगळे कन्नडात. तुमाला कोण वाचून दाखवणार? मी हाय की." आणि पिशवीतनं आमच्या फिर्यादीची झेरॉक्स काढली. आम्हाला अजून ती मिळाली नव्हती, ह्याच्याकडं होती. कुणी दिली ते आजही कळलेलं नाही. त्यानं ती ओळ न् ओळ मराठीत सांगितली: टेंपोचा नंबर, वेळ, जागा, साक्षीदार. सगळं बरोबर. हे मुद्दाम लिहितोय. पहिला कागद तो माणूस अगदी खरा वाचतो. नंतर तो जे काही वाचेल ते त्याच भरवशावर खपतं.

फी किती, तर "आत्ता एक रुपाया नको. पैसे आल्यावर 30 टक्के." ऐकायला बरं वाटतं, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे भरपाईत वाटा ठरवून वकिलाला केस घेताच येत नाही. आणि हा तर वकीलही नव्हता. कोर्टासाठी गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या असल्या दलालांसाठी ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये 2023 च्या दुरुस्तीनं कलम 45अ आलंय, तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. टक्केवारी बोलणारा माणूस कॉटजवळ उभा राहिला की तिथंच समजायचं.

मग घाई. "सहा महिन्यांत केस घातली नाही तर गेलं सगळं मामा." यात अर्धं खरं आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये सहा महिन्यांची मुदत घातलीय, ती हलक्यात घेऊ नका. पण सहा महिने म्हणजे काही भूल उतरायच्या आत सह्या करायच्या असं नव्हे. शिवाय पोलिसांवरही जबाबदारी आहे. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत त्यांनी भरपाईच्या ट्रिब्युनलला द्यायचा असतो. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात यावर सगळ्या राज्यांना सूचना दिल्यात. ही माहिती आपल्याकडं कुणी सांगत नाही, कारण सांगितली तर एजंटचा धंदा काय राहिला?

वॉर्डात त्यानं वकालतनाम्यावर सही घेतली, कोऱ्या कागदांवर घेतली, एका बाँडवर, म्हणजे स्टँपपेपरवर घेतली. आधार, रेशनकार्ड, डिस्चार्ज समरी आणि औषधांची बिलं नेली, तीसुद्धा मूळची. "कोर्टात ओरिजिनलच लागतंय" हे त्याचं कारण. कोर्टाला मूळ कागद लागतात हे खरंय, पण ते वकिलाकडं पोच घेऊन, झेरॉक्स आपल्याकडं ठेवून द्यायचे असतात.

सगळ्यात चलाखीची गोष्ट खात्याची. माझं एक खातं होतंच, पगार त्यातच यायचा. हा म्हणाला, "कोर्टाच्या पैशाला निराळं खातं लागतंय." प्लास्टरमध्ये होतो म्हणून फॉर्म घरीच घेऊन आला. भरला त्यानं, सही माझी. मोबाईलच्या रकान्यात नंबर कुणाचा घातला हे तेव्हा कुणी बघितलं नाही. चेकबुक आलं, त्यातल्या पानांवर सह्या घेतल्या, "इन्शुरन्सवाल्यांना कॅन्सल चेक लागतात." कॅन्सल चेकवर आडव्या रेघा मारून 'कॅन्सल' लिहायचं असतं, तिथं खाली सही कशाला लागते?

कोर्टाच्या पैशाला निराळं खातं लागत नाही. उलट मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं परमिंदर सिंग खटल्यात सांगितलं की भरपाई थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जावी. हा निकाल आपल्यासारख्यांच्या सोयीचा. पण खात्याचे मेसेजच एजंटला जात असले तर थेट येऊन काय उपयोग!

पुढं 2025 मध्ये राष्ट्रीय लोकअदालत होती त्या दिवशी मला कोर्टात नेलं. काठी टेकत गेलो. ज्या वकिलांची सही सगळ्या कागदांवर आहे ते तिथंच पहिल्यांदा दिसले. गर्दी मी म्हणत होती. टेबलापाशी इंग्रजी कागद पुढं आला, एजंट म्हणाला, "तारखेची सही हाय मामा, पुढची डेट घेतलीया." तो तडजोडीचा मेमो होता. तिथं बसलेल्या साहेबांनी मला कन्नडात काहीतरी विचारलं. माझ्या आधी हाच बोलला, "हौदु सर, ओप्पिगे इदे." म्हणजे हो साहेब, मान्य आहे.

महिन्या-दीड महिन्यानं घरी येऊन म्हणाला की कंपनीनं 1,20,000 च मंजूर केले, हाड जुळलंय म्हणून जास्त देईनात. त्यातले 30 टक्के, म्हणजे 36,000, रोख मोजून घेऊन गेला. उरले 84,000.

हे बाहेर आलं ते मुलीच्या कॉलेजच्या फीमुळं. पैसे काढायला बँकेत गेलो आणि सहज पासबुक मशिनीत घातलं. वर जमेला 3,10,000. खाली दोन दिवसांत तीन चेक, सेल्फ, सेल्फ, आणि एक कुठल्याशा नावाला. मिळून 1,90,000. त्याखाली शिल्लक 1,20,000. त्यानं मला 'मंजूर झालेली रक्कम' म्हणून सांगितली ती ही शिल्लक. तिच्यावरही टक्के घेतले! काऊंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवर बघून विचारलं, "हा नंबर तुमचाच ना?" शेवटचे आकडे वाचले. माझे नव्हते.

फोन केला तर आधी "खर्च झालाय मामा, डॉक्टर, पोलीस, सगळ्यांना द्यावं लागतंय." मी आवाज चढवला तसा त्यानं व्हॉट्सअॅपवर एका बाँडचा फोटो टाकला. कन्नडात टाईप केलेला, खाली माझी सही. शेजारची मुलगी कन्नड मिडियमला दहावीत आहे, तिनं वाचला. मी त्याच्याकडनं 2,00,000 हातउसने रोख घेतले आणि भरपाई आल्यावर फेडीन, असं त्यात लिहिलेलं. वॉर्डात कोरा बाँड घेतला होता तो हा.

पण आता आपल्याकडं बाँड ई-स्टँपचा असतो आणि त्याच्या माथ्यावर काढल्याची तारीख आणि वेळ छापून येते. त्या पोरीनंच बोट ठेवून दाखवलं. बाँड काढला होता माझ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, आणि खाली मजकुरात म्हटलंय की त्याच दिवशी माझ्या राहत्या घरी पंचांसमक्ष रोख दिले. त्या वेळी मी टेबलावर होतो, दवाखान्याच्या रेकॉर्डला आहे. बाँडचा फोटो, लिफाफा, मेसेज, काही पुसू नका. समोरचा धमकी द्यायला जे पाठवतो तेच बहुतेक उपयोगी पडतं.

त्यानंतर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात गेलो. तिथला कारकून कन्नडच बोलणारा, मराठी मोडकंतोडकं. त्यानं बसवून घेतलं, एम.व्ही.सी. नंबर, म्हणजे माझ्या केसचा कोर्टातला नंबर शोधून दिला, केसची नक्कल मागायचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. आपल्या भागात लोक भाषेवरनं माणसं ओळखतात. मला लुटलं ते गोड मराठीत, आणि रस्ता दाखवला त्यानं मोडक्या मराठीत. तेवढं सांगून ठेवतो. तिथंच कळलं की औद्योगिक कामगाराला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे सरकारी खर्चानं वकील मिळतो, मिळकत कितीही असो. फौंड्रीतला माणूस त्यात बसतो. फोन करायचा तर 15100.

नक्कल हातात आल्यावर दुसऱ्या वकिलांनी हिशेब मांडून दाखवला, तो सगळ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. माझं वय 43. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा खटल्यातल्या तक्त्यात 41 ते 45 वयाला 14 चा गुणक आहे. महिना 15,000 धरले तर वर्षाचे 1,80,000, गुणिले 14 म्हणजे 25,20,000. डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व 36 टक्के लिहिलंय. पायाचे 36 म्हणजे अंगाचे 36 नव्हेत, आपल्याकडच्या कोर्टात साधारण तिसरा हिस्सा धरतात, 12 टक्के. त्याचे झाले 3,02,400. (एजंट मात्र 36 टक्क्यांचे दहा-बारा लाख सांगून आशा लावतो.) त्यात दवाखान्याचे 1,40,000 आणि घरी बसलो त्या चार महिन्यांचे 60,000 मिळवा. पाच लाखांच्या वर जातं, वेदनांचे वगैरे निराळे. आणि मोल्डिंगला दिवसभर उकिडवं बसावं लागतं, ते आता जमत नाही. कामावर खरा परिणाम किती ते बघायचं असतं, असं सुप्रीम कोर्टानं 2010 च्या राजकुमार खटल्यात म्हटलंय. म्हणजे 12 चे जास्तही झाले असते.

फाईलमध्ये अपंगत्वाचं सर्टिफिकेट लावलेलंच नव्हतं. मालकानं दिलेला पगाराचा दाखलाही नाही. दोन्ही एजंटच्या पिशवीत गेले होते. केस लढायची नव्हतीच, लवकर मिटवून पैसे उचलायचे होते.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे आधी माहीत असावं. साध्या निकालावर 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, आपल्यासाठी धारवाडचं खंडपीठ. लोकअदालतीत सही झाली की फसवणूक झाली म्हणून हायकोर्टात रिट अर्ज घालण्याशिवाय वाट उरत नाही, आणि ते सिद्ध करणं आलं. लोकअदालत वाईट नाही, वर्षानुवर्षं थांबण्यापेक्षा पुष्कळांना बरी पडते. पण टेबलापाशी आकडा तुमच्या तोंडानं बोला. मराठीत बोला, तिथं समजतं. सोबतच्याला बोलू देऊ नका.

माझ्या बाजूच्या कॉटवर बिडी गावचा एक म्हातारा होता, त्याला उडवून गाडी पळाली होती. त्याला हाच एजंट सांगत होता की ओळखीची विमा असलेली गाडी 'लावून' देतो. म्हाताऱ्याच्या मुलानं हाकललं, शहाणा. असल्या खोट्या केसमध्ये अर्जदारही आरोपी होतो. गाडी सापडलीच नाही तर अशा पळालेल्या गाड्यांसाठीच्या सरकारच्या 2022 च्या योजनेत गंभीर जखमेला 50,000 आणि मृत्यूला 2,00,000 मिळतात, तहसीलदार कचेरीत चौकशी करायची.

सायकलवाल्यांसाठी आणखी एक. मोडलेली सायकल भंगारात घालू नका. विमा कंपनीचा वकील पहिलं हेच म्हणतो की सायकलवाला अचानक आडवा आला. माझ्या जुन्या ॲटलासचं मागचं चाक दुमडून सीटच्या नळीला टेकलंय, पुढचं शाबूत आहे. धडक मागून बसली हे बघताक्षणी कळतं. फोटो काढून ती अंगणात झाकून ठेवलीय.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिलीय, वकिलांविरुद्ध कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडं अर्ज गेलाय. रिटचे कागद धारवाडला वकिलांकडं आहेत, त्यांनी फी आधी सांगितली आणि पावती दिली. मध्यंतरी एजंट गावातल्या एका पुढाऱ्याला घेऊन आला. 60,000 टेबलावर ठेवले, म्हणाला, "मामा, मिटवून टाकू, आपली आपली माणसं." पैशाबरोबर एक टाईप केलेला कागद होता. मी शेजारच्या पोरीला हाक मारली तशी त्यानं पैसे उचलले. कागद मात्र उचलायचं विसरला. तो तक्रारीला जोडलाय.