शिडाच्या बोटीचं काम उद्यमनगरातल्या फायबर वर्कशॉपला दिलं, त्याचा अनुभव

आधी दोनच स्टार देणार होतो, आता साडेतीन देतोय. नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत, आणि मिस्त्री माणूस चांगला आहे.

बोट मामांची. एंटरप्राइज म्हणतात तिला, जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाचं 1956 सालचं डिझाइन, दोघांनी चालवायची, 13 फूट 3 इंच लांब, निळी शिडं. मामा मुंबईत नोकरीला होते तेव्हा घेतलेली, रिटायर झाल्यावर टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली, मग मामांचा गुडघा गेला आणि बोट दुधाळीत आमच्या दारात दहा-बारा वर्षं तशीच पडून. त्यात सरळ ठेवलेली, म्हणजे पावसाळाभर आत पाणी, गल्लीतली पोरं त्यात बेडूक सोडायची. 2019 च्या पुरात माणसं न्यायला गल्लीत बचावाची बोट आली आणि आमच्या दारातली बोट पाण्याखाली, यावरनं अजून टिंगल होते आमची.

खरं तर भंगारातच काढायची होती. भंगारवाल्यानं डोलकाठी नखानं खरवडून बघितली, अॅल्युमिनियम म्हटल्यावर लगेच काटा काढला, पण बोटीकडं बघून म्हणाला हे फायबर कोण घेणार, न्यायचं असंल तर मलाच पैसे द्या. चुकीचं नाही त्याचं, फायबरमधलं रेझिन, म्हणजे ते चिकट रसायन, एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही, लोखंडासारखं भट्टीत घालून नवीन काय बनत नाही. शेजारच्या काकांचा सल्ला होता होळीत टाका. आवरा काकांना, तो धूर विषारी असतो.

म्हणून मग उद्यमनगर. यांचं मूळ काम बागेतल्या घसरगुंड्या, बसचे बंपर, मंडळांची सिंहासनं वगैरे, बोट पहिल्यांदाच बघत होते. पण मिस्त्रीचा कान भारी. दहाचं नाणं घेऊन अख्ख्या बोटीवर टकटक करत फिरला, जिथं आवाज बद्द आला तिथं खडूनं गोल. माझ्या डोळ्याला चांगली वाटणारी मागची बाजू, जिथं सुकाणू लागतं, तिथंच सगळ्यात मोठा गोल. कापलं तर आतलं प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखं, बोटानं निघत होतं. नवीन प्लाय साधं आणलेलं, मी आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का दाखवा म्हटल्यावर गुपचूप बदललं. घासणं, अॅसिटोननं पुसणं, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर, सगळं नीट. जुलैच्या पावसात एक पॅच आठ दिवस चिकटच राहिला, हवेत ओल असली की असं होतं, तर त्यानं स्वतःहून काढून परत केला, त्याचे पैसे लावले नाहीत. रेझिन घट्ट करायला लागणाऱ्या कोबाल्ट आणि हार्डनरचे डबे दोन टोकांना ठेवलेले, दोन्ही थेट एकमेकांत गेले तर भडका उडतो, एवढी शिस्त बघून बरं वाटलं.

आता तक्रार. गणपतीच्या आधी देतो म्हणाले आणि गणपतीतच सगळे मंडळांच्या कामाला गेले, बोट मिळाली दसरा झाल्यावर, त्याचं एवढं काय नाही. बोट घरी आली, उलटी केली, मामा खुर्चीवर बसून बघत होते आणि एकदम म्हणाले, "अरे फट कुठाय?"

या बोटीच्या पोटात मधोमध एक लांब फट असते, तिच्यातनं फळी खाली पाण्यात सोडायची, सेंटरबोर्ड. वारा बाजूनं शिडावर आला की ती फळी बोटीला आडवं सरकू देत नाही, ती नसंल तर वाऱ्याच्या तोंडाकडं जाणं विसरा, बोट पालापाचोळ्यासारखी कडेला लागणार. तर ती फट मिस्त्रीनं भरून टाकलेली. वर पांढरा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मारून, घासून, पॉलिश करून! शोधून सापडत नव्हती इतकं सफाईदार काम. फोन केला तर म्हणतो, "खाली लई मोठी चीर हुती दादा, भरून टाकली की, त्याचं एक्स्ट्रा पैसं नगोत."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो ग्राइंडर घेऊन स्वतः आला, मामा शेजारी काठी टेकून उभे, आणि दुपारपर्यंत फट मोकळी केली. वर मामांकडनं फळीचं सगळं गणित समजून घेतलं, कागदावर चित्र काढून नेलं. माझ्या दोन स्टारचे साडेतीन इथं झाले.

बाकी बोट जड झालीय. आधी रिकामी नव्वद-पंच्याण्णव किलोची, चौघं आरामात उचलायचो, आता सहा जण लागतात. कुठंही सांगितल्यापेक्षा एक थर जास्तच, आपल्याकडं दणकट म्हणजे चांगलं, पण शिडाच्या बोटीला हलकं पाहिजे हे कोण सांगणार. नटबोल्ट पण साधे लोखंडी मारलेले, महिन्यात तांबूस झाले, मी स्टेनलेस स्टीलचे आणून बदलले. मालवणला न्यायची असंल तर खाऱ्या पाण्यासाठी 316 ग्रेडच्या स्टीलचेच घ्या, 304 वर भागवू नका.

बोली 28 हजार, बिल 34. रात्रभर बोटीत पाणी भरून ठेवलं, बाहेर एक थेंब नाही. त्यामुळं फायबरसाठी बिनधास्त जा, पण कुठली भोकं ठेवायची आणि कुठली बुजवायची ते खडूनं बोटीवर लिहून द्या.

आता शिडं राहिलीत, उन्हानं शिवण सुटलीय. लक्ष्मीपुरीत ताडपत्री शिवणाऱ्याकडं टाकलीत. त्यानं निळं कापड दुकानभर पसरलं, तिन्ही कोपरे चाचपले आणि विचारलं, "चौथा कोपरा फाटला कुठं?"