निओव्हिममध्ये ट्री-सिटर की जुनं रेजेक्स सिंटॅक्स? रंग चुकतात तेव्हाचा हिशेब

निओव्हिम या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कोडला रंग देण्याच्या दोन पद्धती आहेत: रेजेक्सने, म्हणजे मजकुराचे नमुने जुळवून, रंगवणारं जुनं सिंटॅक्स आणि कोडची रचना ओळखून रंगवणारा ट्री-सिटर. या दोहोंतलं एक निवडताना बहुतेक जण वेग आणि रंगांचा बारकावा बघतात. रोजच्या फायलींवर वेगाचा फरक मला तरी जाणवला नाही. रंग दोन्हीकडे चुकतात. ते कधी चुकतात, यावर माझी निवड ठरली.

जुनं सिंटॅक्स फाइल दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचत नाही. पडद्यावरच्या ओळींच्या थोडं मागे जाऊन, आपण कोडमध्ये आहोत की स्ट्रिंगमध्ये (अवतरणांतल्या मजकुरात), याचा अंदाज बांधतं. पायथॉनमध्ये त्यासाठी ओळीच्या सुरुवातीचा 'डेफ' किंवा 'क्लास' शोधला जातो. माझ्या बऱ्याच स्क्रिप्ट कोड तयार करणाऱ्या आहेत. त्यांत तिहेरी अवतरणांच्या आत लांबलचक टेम्प्लेट असतात आणि तिथेही हेच शब्द ओळीच्या सुरुवातीला येतात. अशा फाइलच्या मधोमध उडी मारली की टेम्प्लेट कोडसारखं रंगतं, ते संपवणारं अवतरण नवी स्ट्रिंग सुरू करतं आणि खालचा खरा कोड स्ट्रिंगच्या रंगात बुडतो. फाइल सुरुवातीपासून वाचायला लावणारी 'सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट' ही आज्ञा दिली की सुधारतं, पण मोठी फाइल मग जड होते. त्यातच रंगवायला किती वेळ द्यायचा हे ठरवणाऱ्या 'रिड्रॉटाइम'ची 2000 मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडली, तर रंगच बंद पडतात. कोड बरोबर असताना तो चुकलाय असं वाटून मी अवतरणं शोधत बसायचो. हे मला फार खटकलं.

मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी अ‍ॅटम या एडिटरच्या काळात लिहिलेला ट्री-सिटर 2021 मध्ये 0.5 आवृत्तीबरोबर निओव्हिममध्ये आला. तो सगळ्या फाइलचा ट्री, म्हणजे कोडच्या रचनेची झाडासारखी मांडणी, बांधतो आणि बदल झाला की जुन्या ट्रीचा शक्य तेवढा भाग तसाच वापरतो. कंस अर्धवट असताना खालच्या काही ओळींचे रंग उडतात, हे खरं. पण कंस पुरा केला की ते परत येतात, आणि हा ट्री दाखवणारं 'इन्स्पेक्टट्री' उघडलं तर 'एरर' नोड, म्हणजे न समजलेला भाग, नेमका कुठे आहे ते दिसतं. म्हणजे इथे रंग बिघडला, तर बहुधा कोडमध्येच काहीतरी अपुरं असतं.

बहुधा म्हणतो, कारण भाषेत नवी रचना आली आणि ती भाषा वाचणारा पार्सर जुना राहिला, तर बरोबर कोडवरही 'एरर' येतो. दुसरी अडचण आपल्याला जवळची आहे. बदल कुठे झाला हे ट्री-सिटरला बाइटमध्ये सांगावं लागतं, आणि यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं. एखाद्या प्लगइनने बाइटऐवजी अक्षरं मोजली, तर मराठी संदेशांच्या फाइलीत ट्री सरकतो आणि पुढे टाइप करूनही सावरेलच असं नाही. फाइल पुन्हा उघडल्यावर रंग जागेवर आले, तर दोष अशाच ठिकाणी शोधावा.

लॉग फायली आणि यामल या सेटिंग लिहायच्या भाषेत जिंजा या टेम्प्लेट-भाषेचे कंस मिसळलेली टेम्प्लेटं यांच्यासाठी मी अजून जुनंच सिंटॅक्स ठेवलंय, कारण यामलच्या पार्सरला ते कंस झेपत नाहीत. फाइलप्रकारानुसार ट्री-सिटर बंद ठेवता येतो, तेव्हा सुरुवात तो चालू ठेवून करावी आणि जिथे अडेल तिथे बंद करावा.