शाहूपुरीतला फ्लेक्सवाला: छपाई उत्तम, वेलांट्या मात्र स्वतः तपासा

साडेतीन स्टार. एक स्टार उशिरासाठी कापला, अर्धा एका वेलांटीसाठी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेलांटीत निम्मी चूक माझी आहे. शाहूपुरीत, स्टेशनच्या अलीकडच्या बोळात. कोल्हापुरात फ्लेक्सचं दुकान शोधायला लागत नाही म्हणा. इथं वाढदिवस पैलवानाचा असो नाहीतर बैलाचा, चौकात दहा बाय वीसचा लागतोच.

आमचं काम त्या मानानं छोटं होतं. दहा बाय सहा, स्टार फ्लेक्स, आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) मारून. पंधरा रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे ९०० रुपये. लाकडी चौकट ३५० वेगळे. हा दर मी आणखी दोन ठिकाणी विचारून बघितला, साधारण तोच आहे. साध्या फ्लेक्सला दोन-तीन रुपये कमी पडतात, पण तो घेऊ नका, कोपऱ्यात चिरतो.

काम होतं आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं. मी मंडळीचा खजिनदार. दिवसभर उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो, संध्याकाळी मंडळीचे. २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, आणि त्याच संध्याकाळी तरुण संघाची पोरं माझ्या घरी आली. रविवारी, ११ तारखेला, जवानांसाठी खास प्रार्थना ठेवायची आणि वेदीच्या मागं फ्लेक्स लावायचा. चित्र त्यांनी मोबाइलवर जुळवूनच आणलं होतं: वर ढगात प्रभू येशू हात पसरून, खाली रणगाडा, मध्ये तिरंगा. वचन स्तोत्र १४४ मधलं, माझ्या हातांना लढाई करायला शिकवणाऱ्या परमेश्वराचं.

मी सरळ नाही म्हणालो नाही. माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९७१ च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. त्यांच्या पगारावर मी शिकलो, पेन्शनीवर घराचा वरचा मजला झाला. मी कुठल्या तोंडानं पोरांना शांतीचं प्रवचन देणार?

गुरुवारी दुपारी ऑर्डर दिली आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर पहिलं प्रूफ आलं. हे दुकानाच्या बाजूनं लिहायला पाहिजे: डिझाइनचे वेगळे पैसे घेत नाहीत, आणि कितीही वेळा बदल सांगा, तोंड वाकडं करत नाहीत. प्रूफ घेऊन रात्री पंचांची बैठक झाली. दहा मिनिटांत उरकेल म्हणून बायकोला सांगून गेलो होतो, सव्वाअकराला परत आलो.

त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळं कोण काय बोललं ते ध्यानात आहे. एक निवृत्त मास्तर आहेत आमच्यात, ते म्हणाले, दहा आज्ञांमध्ये ‘खून करू नको’ असं आहे, ‘लढू नको’ असं नाही. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढा, अधिकारी तलवार उगीच धरत नाही. दुसऱ्यांनी बाप्तिस्मा करणारा योहान काढला: शिपाई त्याच्याकडे आले तेव्हा त्यानं नोकरी सोडा म्हटलं नाही, लोकांवर जुलूम करू नका आणि पगारात समाधानी राहा म्हटलं. (घरी येऊन हे आबांना सांगितलं तर ते हसले. ‘पगारात समाधानी? त्यापेक्षा लढाई सोपी.’) मग महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई बोलल्या. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, तलवार काढली ती दुसऱ्या कुणासाठी नाही, खुद्द येशूला वाचवायला काढली होती. त्याहून न्याय्य कारण कुठलं? तरी येशूनं ती म्यानात घालायला लावली. यावर मास्तर थोडा वेळ चष्मा पुसत बसले.

पाळकसाहेबांनी शेवटी एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. इसवी सन २९५. उत्तर आफ्रिकेत तेबेस्सा गावी मॅक्सिमिलियन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा रोमन सैन्यात भरतीला उभा केला. त्याचा बाप जुना फौजी. पोरगा म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला हे करता येत नाही. अधिकारी म्हणाला, अरे, बादशहाच्या खास पलटणीत ख्रिस्ती शिपाई आहेतच की. पोरगा म्हणाला, त्यांच्यासाठी काय बरं ते त्यांना ठाऊक. अधिकाऱ्यानं बापाला सांगितलं, समजाव ह्याला. बाप म्हणाला, त्याला काय करायचं ते त्याचं त्याला कळतं. पोराचं डोकं उडवलं. मला राहून राहून तो बाप आठवत राहिला. आणि अधिकाऱ्याचं बोलणंही खोटं नव्हतं, ख्रिस्ती शिपाई तेव्हाही होते. म्हणजे हे भांडण आमच्या बैठकीत सुरू झालेलं नाही.

बैठकीत ठरलं ते असं, की चित्र पोरांचं, वचन पाळकसाहेबांचं. रणगाडा राहील, पण स्तोत्राच्या जागी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘शांती करणारे ते धन्य’. चार विरुद्ध तीन. मी चारांत होतो, घरी जायची घाई होती म्हणून.

शुक्रवारी बदल सांगायला स्वतः दुकानात गेलो. जाणार असाल तर सकाळी जा. संध्याकाळी यंत्र चालू असतं आणि शाईच्या वासानं डोकं धरतं. आत एकच एसी, तो यंत्राला, माणसांना पंखा. डिझाइन करणारं पोरगं बावीस-तेवीसचं, गळ्यात माळ, कोरलवर (डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर) हात असा चालतो की बघत राहावं. येशूच्या केसांची कड कापत होतं. मोठं करून, एकेक बट सोडवत. मागचं पांढरं कुठं राहू नये म्हणून त्यानं त्या केसांवर वीस मिनिटं घालवली. ९०० रुपयांच्या कामात एवढं कोण करतं? पाचापैकी पाच द्यायचे असतील तर ते त्या पोराला.

मग त्यानं मान न वळवता विचारलं, ‘सर, ह्यो रणगाडा देवाच्या पुढं घेऊ का मागं?’

मला आधी कळलंच नाही. तो लेयरचं विचारत होता. दोन चित्रं एकमेकांवर येत होती, कुठलं वर ठेवायचं एवढाच प्रश्न. त्यानं करूनही दाखवलं. रणगाडा पुढं घेतला की येशू मागून त्याला ढकलतोय असं दिसायचं. मागं घेतला तर नळी बरोबर येशूच्या पाठीत. पोरगं म्हणालं, ‘कसंबी घेतलं तरी वाईटच दिसतंय, बघा की. तुमचा देव तर गाल पुढं करा म्हणतोय न्हवं?’ टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच मांडणी जमत नव्हती.

त्या स्टुलावर बसून जे डोक्यात आलं ते लिहितो, दुकानाशी संबंध नाही असं वाटलं तर पुढं सरका. ३१२ साली रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं लढाईआधी ढालींवर ख्रिस्ताचं चिन्ह घालून घेतलं आणि लढाई जिंकली. आमच्या तरुण संघाची हौस त्या अर्थानं सतराशे वर्षं जुनी. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ असं कोरलेलं असायचं. समोरच्या खंदकात इंग्रज पाद्री त्याच देवाकडं विजय मागत होते. लांब कशाला, १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलाकडून ट्रेव्हर आणि डेन्झिल कीलर हे ख्रिस्ती भाऊ विमानं घेऊन उडाले, दोघांनाही वीरचक्र. पलीकडून, पाकिस्तानच्या हवाई दलाकडून, सेसिल चौधरी उडाला, तोही ख्रिस्ती, त्याला सितारा-ए-जुर्रत. तिघांना लहानपणी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवलेलं असणार. त्या ‘आमच्या’मध्ये कोण कोण येतं?

मी युद्धाच्या सरसकट विरोधात नाही. क्वेकर आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक शेकडो वर्षं शस्त्र धरत नाहीत, त्यापायी तुरुंगात गेले, त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण पहलगामनंतर सरकारनं हात जोडून बसावं असं मला म्हणता येत नाही. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं तेराव्या शतकात तीन अटी घातल्या: युद्ध पुकारणारा अधिकारी वैध हवा, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. पहिल्या दोन बाहेरून तपासता येतात. तिसरी प्रत्येकानं स्वतःच्या मनात तपासायची, आणि टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या मनात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे. सरकार लढेल, शिपाई लढेल, मी त्याच्या जिवासाठी गुडघे टेकीन. पण येशूला त्यात लेयर म्हणून कुठंही बसवता येत नाही, हे मला अक्वायनसनं नाही, त्या कोरलवाल्या पोरानं दाखवलं.

आणि तरीही ‘रणगाडा काढ’ असं माझ्या तोंडून निघालं नाही. बैठकीचा ठराव होता ना. पोरानं येशूला वर उजव्या कोपऱ्यात नेलं, रणगाडा खाली डावीकडं, मधल्या जागेत तिरंगा मोठा केला. आता कुणी कुणाच्या पुढं-मागं नाही. ठरावात बसतं.

रात्री प्रूफ आबांना दाखवलं. चष्मा लावून, मोबाइल लांब धरून त्यांनी बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, जमालपूरचं, मेलेल्यांचं. म्हणाले, ‘हा आपला रणगाडा न्हाई. अमेरिकेचा हाय. आपला टी-७२ बसका असतोय. आणि ह्या खेपेला रणगाडं गेलंत कुठं? सगळं वरनंच चाललंय.’ मग मोबाइल परत दिला आणि बातम्या बंद करायला सांगितल्या. मी तसंच दुकानाला कळवलं, वाटलं वैतागून रणगाडाच काढतील. सकाळी उत्तर आलं: ‘टी-७२ घातला सर.’ खरोखर बसका होता. ही झाली तत्परता.

शनिवारी दुपारी शेवटचं प्रूफ आलं तेव्हा मी पगारपत्रकात बुडालेलो. अंगठा दाबला आणि मोबाइल पालथा ठेवला.

कबूल वेळ संध्याकाळी पाचची. पाचला काही नाही. सहाच्या सुमाराला बातमी आली की पाचपासूनच शस्त्रसंधी लागू झाली. दुकानात गेलो तर मालक दोन्ही कानांना फोन लावून उभे. कुणाला ‘घुसके मारेंगे’ रद्द करायचं होतं, कुणाला त्याच फ्लेक्सवर ‘विजयी’ घालून हवं होतं. ‘आत्ता दितो’ हे वाक्य मी नऊपर्यंत सात वेळा ऐकलं. चहा मात्र दोनदा पाजला, तोही कडक.

साडेनऊला आमचा फ्लेक्स यंत्रातून बाहेर आला, फरशीवर पसरला. रंग सुरेख, कड स्वच्छ, येशूच्या केसांमागं पांढरं औषधालासुद्धा नाही. वर पिवळ्या ठळक अक्षरांत, लाल कडेसह: ‘शांत करणारे ते धन्य’.

खाली टी-७२.

मी तीनदा वाचलं. मालकांना दाखवलं, ते म्हणाले, बरोबर तर आहे. डिझाइनवाल्या पोराच्या मात्र लगेच लक्षात आलं, त्यानं कपाळाला हात लावला. मालकांना समजावताना मला आवाज बारीक करायला लागला: शांती करणारा म्हणजे समेट घडवणारा. आणि रणगाड्यानं शांत करायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ते म्हणाले, ‘प्रूफला अंगठा तुमचा हाय, सर.’ होता. दाखवलासुद्धा.

नवा छापायला वेळ नव्हता, रांगेत अकरा फ्लेक्स. मग त्या पोरानं उरलेल्या पिवळ्या व्हिनाइलवर तेवढीच दीर्घ वेलांटी कापली, बोटभर रुंद, वीतभर उंच, लाल कड मार्करनं काढली. ‘शांत’ आणि ‘करणारे’च्या मधल्या मोकळ्या जागेत ती बरोबर बसली, जणू तिच्यासाठीच सोडलेली. पाण्याचा हबका मारून चिकटवली, प्लास्टिकच्या पट्टीनं बुडबुडे काढले, वर फडकं फिरवलं. पैसे घेतले नाहीत. जवळून बघितलं तर पिवळा जरा वेगळा दिसतो, दहा फुटांवरून कळत नाही.

रविवारी उपासनेत मी पहिल्याच बाकावर होतो, म्हणजे मला कळत होतं. पाळकसाहेबांनी जवानांसाठी प्रार्थना केली, नावं घेऊन, आमच्या मंडळीतले दोघं सीमेवर आहेत. मग सीमेपलीकडच्या मंडळ्यांसाठी आणि तिथल्या आयांसाठी केली. मागं कुणीतरी खाकरलं. आबांनी ‘आमेन’ नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटलं, ऐकू कमी येतं म्हणून असेल. त्याच दिवशी तिकडं रोममध्ये तीन दिवसांपूर्वी निवडून आलेले पोप लिओ ‘पुन्हा कधी युद्ध नको’ म्हणाले आणि आपल्या शस्त्रसंधीबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. आम्ही काही कॅथलिक नाही, पण संध्याकाळी तो व्हिडिओ मी तरुण संघाच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले.

टिकाऊपणाबद्दल: कोल्हापुरात जुना फ्लेक्स पावसाळ्यात लाकडांवर नाहीतर स्कूटरवर जातो. ह्यावर प्रभूचं चित्र, त्यामुळं तसं करवत नाही आणि टाकवतही नाही. गुंडाळून वेस्ट्रीतल्या (चर्चच्या आतल्या खोलीतल्या) कपाटावर ठेवलाय. जुलैत तिथं गळलं, फ्लेक्स भिजला. उलगडून वाळत घातला तेव्हा बघितलं, रंग जसाच्या तसा. वेलांटीचं वरचं टोक थोडं सुटलं होतं, ते मी फेव्हिक्विकनं बसवलं.

नाताळचा फ्लेक्स तिथंच टाकणार आहे. आठ बाय चार, ४८० रुपये. गाईगुरं, मेंढपाळ, तारा. प्रूफ आधी आबांना दाखवणार, अंगठा नंतर.