घोसाळ्याच्या बियांचं पाकीट: बी झकास, सूचना तोकड्या

बी टपोरं, काळं. रात्रभर भिजवून पेरलं, जवळपास सगळं उगवलं. ‘लहान कुंडीत चालेल’ हे पाकिटावरचं वाक्य मात्र विसरा. वेल भलतीच हावरी, मोठं पिंप आणि भक्कम मांडव हवाच. आधी नुसती नर फुलं येऊन गळतात, घाबरू नका. मागे इवलं फळ असलेली मादी फुलं नंतर येतात.

भाजीला कोवळी काढा. घासणीसाठी फळ वेलीवरच वाळू द्या: साल तपकिरी, कडकडीत, हलवलं की बिया खुळखुळतात. सोलून, बिया झटकून धुतलं की सुरेख जाळी निघते. भांड्यांना उत्तम. अंगाला लावताना आधी भिजवा, कोरडी बोचते. वापरून झाली की टांगून वाळवा, नाहीतर काळी पडते. संकरित वाण नसल्याने पुढचं बी घरचंच.