माद्रिदमधलं ओरिएंटेशन: फी भरावी का?

स्पेनमधल्या शाळेत इंग्रजीची भाषा-सहाय्यक म्हणून रुजू व्हायच्या आधी, मी ज्या संस्थेमार्फत गेले तिने माद्रिदला ओरिएंटेशन ठेवलं होतं. त्याची फी वेगळी. खानापूर, निपाणी, बेळगावातून कुणी या वाटेने जाणार असेल तर ही फी भरावी का, तेवढ्यासाठी लिहितेय. माझ्या मते भरावी, आणि ती कागदपत्रांसाठी.

सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर पोचल्यापासून महिन्याभरात तिथल्या परदेशी ओळखपत्रासाठी, म्हणजे टीआयईसाठी अर्ज करावा लागतो. ईएक्स-१७ फॉर्म, ७९०-०१२ नंबरचं चलन, बँकेत भरणा, मग बोटांचे ठसे द्यायला पोलिसांकडे आधी घेतलेली वेळ. सगळं स्पॅनिशमधून. आम्हाला एकेकाला शेजारी बसवून फॉर्म भरून घेतला. त्यात पहिलं आडनाव, दुसरं आडनाव आणि नाव असे तीन रकाने असतात, कारण तिकडे माणसाला वडिलांकडचं एक आणि आईकडचं एक अशी दोन आडनावं. आपलं मधलं नाव वडिलांचं, ते हमखास दुसऱ्या आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. शिकवणाऱ्या बाईंनी माझा पासपोर्ट मागून घेतला, त्यातल्या आडनाव आणि नाव या दोन्ही ओळींवर बोट ठेवून दाखवलं: आडनाव आहे तसं उतरवायचं, माझं आणि बाबांचं नाव मिळून नावाच्या रकान्यात, दुसरं आडनाव मोकळं. पुढे बँकेत आणि शाळेत कुठेच नावाचा घोळ झाला नाही.

खोली घेण्याआधी मालकाला विचारा की या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करू देणार ना, हेही त्यांनीच बजावलं. काही मालक नाही म्हणतात आणि मग पुढची कामं अडतात.

निघण्याआधी पाठवलेली सामानाची यादीही चांगली होती. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात बरोबर नेता येत नाहीत, म्हणून कुंदा घरीच ठेवला आणि शेंगाचटणी नेली. आईला फार वाईट वाटलं, पण विमानतळावर काढून टाकावा लागण्यापेक्षा बरं.

मला सगळ्यात आवडलं ते भाषेवरचं सत्र. १९७८ च्या संविधानानुसार कॅस्टिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती, देशाची राजभाषा, आणि कॅटलान, बास्क, गालिसियन या आपापल्या प्रांतात तिच्या बरोबरीने राजभाषा. माझी शाळा गालिसियातली, तिथे काही विषय गालिसियनमधून शिकवतात. बाकीच्यांचे चेहरे जरा गोंधळलेले होते. मला मात्र लगेच पटलं. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, शाळेत दोन्ही आणि वर इंग्रजी, यातच वाढलोय की आपण. कुणाच्या भाषेबद्दल कुठे जपून बोलायचं, हे सीमाभागातल्या पोरीला वेगळं शिकवावं लागत नाही. मी हात वर करून बेळगावबद्दल सांगितलं, तेव्हा बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं.

उणिवाही आहेत. जेवणात शाकाहारींची आबाळ होते. मांस नको म्हटलं तरी सॅलडमध्ये ट्यूना मासा येतो, रोज बटाट्याचं अंडं घातलेलं ऑम्लेट, आणि रात्रीचं जेवण नऊनंतर. अंडं न खाणाऱ्यांनी आपली सोय आधी करावी. माद्रिदच्या लावापिएस भागात भारतीय, बांगलादेशी दुकानं आहेत, तिथे डाळ-तांदूळ मिळतात. सिमकार्डाच्या माहितीत अख्खी दुपार गेली, आणि वर्गात मुलांना बोलतं कसं करायचं यावर जेमतेम तासभर. मुख्य शिक्षक वर्गात असतात हे खरं, पण शिकवायलाच चाललोय तर सराव हवाच होता.

मोठी तक्रार अपोस्टिलबद्दल, म्हणजे आपली कागदपत्रं परदेशात खरी मानली जावीत म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राबद्दल. ते भारतातूनच करून न्यायचं असतं, आणि हे मला फार उशिरा कळवलं. डिग्री राणी चन्नम्मा विद्यापीठाची असेल तर आधी बेंगळुरूला राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. पोलीस दाखल्यालाही अपोस्टिल लागतं, वर स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतर. संस्थेच्या मेलची वाट बघू नका, निवड झाली की त्याच आठवड्यात कामाला लागा.

माद्रिदहून पुढचा प्रवास फीत धरलेला नाही. गालिसियाची गाडी चामार्तिन स्टेशनवरून सुटते. तिकीट जितकं लवकर काढाल तितकं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.