बुद्धिबळाच्या अभ्यासाची साधने : नोकरी सांभाळून केलेल्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी बुद्धिबळाचा अभ्यास नीट आखून सुरू केला. तेव्हापासून जी साधने सातत्याने वापरली, त्यांचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे. मी जुळे सोलापुरात राहतो, दिवसा नोकरी करतो आणि सवड मिळेल तशा फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) मानांकनाच्या स्पर्धा खेळतो. माझे मानांकन सोळाशेच्या आसपास आहे. संध्याकाळी ओळखीतली काही मुले घरी पट मांडायला येतात, त्यामुळे बहुतेक साधने माझ्या आणि त्यांच्या अशा दोन्ही पातळ्यांवर पारखता आली. ज्यांना नियम आणि साधी मात येते, पण पुढचा अभ्यास कशावरून करावा हे उमगत नाही, असे खेळाडू आणि त्यांचे पालक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

साधनांची आज वाण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेशने सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेतेपद मिळवले, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर आमच्या भागातही मुलींना स्पर्धेला घेऊन येणारे पालक जास्त दिसू लागले. हे पालक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की घरी काय द्यावे? मी प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावली : उत्तर समोर येण्याआधी ते मला स्वतःची खेळी ठरवायला भाग पाडते का? जे पाडते, त्याने माझा खेळ सुधारला. जे पाडत नाही, ते कितीही रंजक असले तरी स्पर्धेच्या पटावर उपयोगी पडले नाही.

सर्वाधिक वापर झाला तो लीचेसचा. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ आज ना-नफा संस्था म्हणून देणग्यांवर चालते. त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरल्याशिवाय न उघडणारा एकही भाग नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलासाठी ही गोष्ट फार मोठी आहे. तेथील कोडी प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांतून काढलेली आहेत. प्रत्येक कोड्याला मानांकन आहे आणि पिन (हलले तर मागचे मोहरे मारले जाईल अशी अडकवणूक), फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर एकदम हल्ला), दोन खेळींत मात, हत्तींचा एंडगेम (मोजकी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) अशा विषयांनुसार ती निवडताही येतात. कोणत्या विषयात आपण कमी पडतो हे सांगणारा तक्ताही आपोआप तयार होत राहतो. माझ्या तक्त्यात शांत खेळीची कोडी, म्हणजे ज्यांत शह नाही आणि मारामारीही नाही, अशी कोडी सर्वांत कच्ची दिसली. त्यामुळे काही आठवडे मी फक्त तीच सोडवली.

कोडी सोडवण्याची पद्धत मात्र ठरवून घ्यावी लागते, कारण ॲप स्वतःहून शिस्त लावत नाही. बोट लावले की खेळी होते आणि चुकली तर लगेच दुसरी करून पाहता येते. मुले या वेगातच रमतात. आमच्याकडे नियम असा आहे की पहिली खेळी करण्याआधी पूर्ण मालिका, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चिवट उत्तरासह, वहीत लिहायची आणि मगच पडद्याला हात लावायचा. याने कोड्यांची संख्या फार घटते, पण मोजणी पक्की होते. दुसरे असे, की विषयवार कोडी सुरुवातीलाच ठीक. एकदा विषय ओळखीचा झाला की सगळ्या विषयांची सरमिसळ करून सोडवावे, कारण डावात कोणी शेजारी बसून ‘येथे फोर्क आहे’ असे सांगत नाही. कोड्यांची मूळ मर्यादाही हीच आहे. समोर काहीतरी मिळवण्यासारखे आहे हे आधीच ठाऊक असते, आणि प्रत्यक्ष डावात बहुतेक वेळा तसे काही नसते. मोबाईल ॲपमध्ये काही कोडी आधीच उतरवून ठेवली जातात, त्यामुळे हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना नेट गेले तरी काम थांबत नाही, ही सोय मला फार आवडली.

चेस डॉट कॉमवरील धडे आणि डावानंतरचे परीक्षण नवख्या मुलाला समजेल इतके सोपे आहे. परंतु मोफत खात्यावर कोडी आणि परीक्षण या दोन्हींवर रोजची मर्यादा पडते, आणि परीक्षणातली वाक्ये बऱ्याचदा ठोकळेबाज वाटतात. खेळायला प्रतिस्पर्धी भरपूर मिळतात, म्हणून खाते ठेवावे. अभ्यासासाठी मला त्याची गरज भासली नाही.

आता एंडगेमविषयी, कारण माझ्या मते आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. ९० मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे ३० सेकंद अशा वेळेत खेळताना चौथ्या तासाला हातात त्या ३० सेकंदांखेरीज काही उरत नाही. तेव्हा ज्या स्थिती पाठ असतात, त्याच नीट खेळल्या जातात. बातुमीतली अंतिम लढतही दिव्याने भारताच्याच कोनेरू हंपीविरुद्धच्या दुसऱ्या रॅपिड (जलद) डावात, काळी मोहरी घेऊन, लांबलेल्या एंडगेममध्ये जिंकली. या विषयासाठी मी कापाब्लांकाचे १९२१ मधले ‘चेस फंडामेंटल्स’ घेतले. जगज्जेता झाला त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ओपनिंगपासून (डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांपासून) नव्हे, तर हत्ती आणि राजाने मात कशी करावी, एका प्याद्याचा वजीर कसा करावा येथून सुरू होते. लेखकाचे निधन १९४२ मध्ये झाले असल्याने आपल्या कायद्यानुसार पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते मोफत मिळते. मी त्यातली एंडगेमची पाने नवी पेठेतून छापून, शिवून घेतली. अडचण एकच. जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या खेळ्या आजच्या मुलांना वाचता येत नाहीत, त्यामुळे त्या ई४, डी५ अशा, म्हणजे घराच्या पट्टीचे अक्षर आणि ओळीचा अंक लिहिण्याच्या, पद्धतीने समासात उतरवून द्याव्या लागल्या.

पुस्तकातल्या सोप्या नियमांचे मोल पटावरच कळते. आपला राजा आपल्याच प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला, तर खेळी कोणाचीही असो, डाव जिंकलेला असतो. अपवाद फक्त कडेच्या पट्टीवरील प्याद्याचा. हे वाचायला अर्धे मिनिट लागते. पण दोन्ही बाजूंनी आलटून पालटून खेळल्याशिवाय ते मुलांच्या हातात उतरत नाही.

हत्तीच्या एंडगेममध्ये दोन स्थिती अवश्य याव्यात. एक फिलिडोरची, बरोबरी साधण्यासाठी, आणि दुसरी लुसेनाची, जिंकण्यासाठी. लुसेना शिकवतानाचा एक प्रसंग सांगतो. पांढऱ्याचा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१. काळ्याचा राजा ई७ आणि हत्ती एच२, अशी स्थिती मांडली. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारा अशोक चौकाकडचा एक मुलगा काळ्याकडून खेळत होता. मी हत्तीने ई१ वरून शह दिला, त्याचा राजा डी७ वर सरकला, आणि मी हत्ती ई४ वर आणून थांबवला. तो म्हणाला, “काका, शह द्यायचा सोडून हत्ती मध्येच कशाला आणलात?” मी उत्तर दिले नाही, उलट त्यालाच शह देत राहायला सांगितले. त्याचा हत्ती एच१ वर, माझा राजा एफ७ वर. मग एफ१ वरून शह, राजा जी६. जी१ वरून शह, राजा एफ६. पुन्हा एफ१ वरून शह, राजा जी५. पुन्हा जी१ वरून शह. तेव्हा मी ई४ वरचा हत्ती जी४ वर मध्ये घातला आणि शह संपले. तो बराच वेळ पटाकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच बाजू बदलून पांढऱ्याकडून खेळायला बसला. हीच स्थिती एखाद्या व्हिडिओत दोन मिनिटांत दाखवली जाते आणि तितक्याच लवकर विसरली जाते. स्वतः शह देऊन ते संपतात हे ज्याने पाहिले, त्याला ती पुढच्या आठवड्यातही मांडता आली.

अशा सरावाला लीचेसवरच्या एंडगेम कोष्टकांचा फार उपयोग होतो. दोन्ही राजे धरून सातपर्यंत मोहरी उरलेल्या कोणत्याही स्थितीत कोणती खेळी जिंकते आणि कोणती बरोबरीत सोडते, हे तेथे निःसंदिग्धपणे कळते. मुलांमधला वाद मिटवायला त्याहून चांगला पंच नाही. आधी पटावर खेळून घ्यायचे, आणि मग कोष्टक उघडायचे.

पैसे देऊन घेतलेल्या साधनांत मला सर्वांत मोलाची वाटली ती आर्तुर युसुपोव यांची नऊ पुस्तकांची मालिका. युसुपोव हे नामवंत प्रशिक्षक मार्क द्वोरेत्स्कींचे शिष्य आणि जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या लढतींत उपांत्य फेरीपर्यंत पोचलेले ग्रँडमास्टर. मालिकेत तीन पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीची तीन पुस्तके. प्रत्येक पुस्तकात २४ धडे असून धड्याअखेर १२ स्थितींची चाचणी असते. स्थितीच्या अवघडपणानुसार गुण मिळतात आणि किती गुणांना उत्तीर्ण हेही दिलेले असते. उत्तीर्ण झालो नाही तर धडा पुन्हा करायचा. एका धड्यात हल्ला, दुसऱ्यात प्याद्यांचा एंडगेम, तिसऱ्यात ओपनिंगची तत्त्वे अशी मांडणी असल्याने आपल्या आवडीच्या विषयातच घुटमळत राहता येत नाही. पहिली पातळी साधारण १५०० मानांकनाखालील खेळाडूंसाठी सांगितली जाते, पण मी सोळाशेच्या आसपास असूनही पहिल्याच पुस्तकातल्या कित्येक चाचण्यांनी माझा घाम काढला. म्हणून माझ्या पातळीच्या खेळाडूने दुसऱ्या पातळीपासून सुरुवात करण्याची घाई करू नये असे मला मनापासून वाटते. ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि स्वस्त नाहीत. एका कुटुंबाला जड वाटल्यास दोन-तीन खेळाडूंनी मिळून एक प्रत घ्यावी. उत्तरे स्वतंत्र वहीत लिहिली तर प्रत कोरी राहते.

चेसेबल हे साधन ठरावीक अंतराने तीच खेळी पुन्हा विचारण्याच्या तत्त्वावर चालते. ओपनिंगच्या मालिका आणि एंडगेमच्या मूळ स्थिती पक्क्या करायला ते चांगले आहे. मात्र उजळणीचा ढीग साचू लागला की ती उरकण्याकडेच कल होतो, आणि खेळी का करायची यापेक्षा ती कोणती हेच ध्यानात राहते. मोफत मिळणारे छोटे अभ्यासक्रम आधी वापरून पाहावेत आणि एका वेळी एकच चालू ठेवावा.

व्हिडिओंबाबत माझे मत पालकांना कदाचित कठोर वाटेल. सेंट लुईस चेस क्लबची व्याख्याने उत्तम आहेत. दिवंगत अमेरिकी ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की प्रत्येक खेळीमागचा विचार ज्या सहृदयतेने बोलून दाखवत, ते ऐकणे हाच एक संस्कार आहे. सागर शहा यांच्या चेसबेस इंडियामुळे आपल्या खेळाडूंचे डाव घरोघरी पोचले. तरीही यांतले काहीही नुसते पाहून खेळ सुधारत नाही. समोर पट मांडावा, बोलणाऱ्याने खेळी करण्याआधी व्हिडिओ थांबवावा, आपली खेळी लिहावी आणि मग पुढे पाहावे. असे केले तर अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दीड तास लागतो, आणि तोच दीड तास उपयोगाचा असतो.

स्वतःच्या हरलेल्या डावांचे विश्लेषण हे बिनपैशाचे साधन आहे. स्वतःच्या डावांची चिकित्सा हाच प्रगतीचा पाया, असा माजी जगज्जेता बोटविनिकचा आग्रह होता. मी स्पर्धेहून आल्यावर आधी संगणक न लावता डाव पुन्हा मांडतो, कोठे काय विचार केला होता ते लिहितो आणि दुसऱ्या दिवशी स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामकडून तपासून घेतो. स्टॉकफिश मोफत आहे आणि साध्या मोबाईलवरही कोणत्याही माणसाहून बलवान आहे. पण तो खेळी सांगतो, कारण सांगत नाही. कारण आधी वहीत लिहिलेले असले तरच त्याच्या उत्तराशी ते ताडून पाहता येते.

एका ऑनलाईन शिकवणीचा अनुभवही नोंदवून ठेवतो, कारण अशा जाहिराती पालकांपर्यंत रोज पोचतात. ओपनिंगच्या ‘हमखास विजयी’ सापळ्यांचा संच आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने भरपूर पैसे देऊन घेतला. प्रतिस्पर्धी सापळ्यात सापडला नाही की पुढे काय करायचे, याविषयी त्यात एक ओळही नव्हती, आणि पैसे परत मागितल्यावर उत्तर आले नाही. पैसे भरण्यापूर्वी एक पूर्ण धडा पाहायला मागावा. तो दाखवायला जो तयार नसेल, त्याच्याकडे जाऊ नये.

राहता राहिला प्रश्न मराठीचा. प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे, विदित गुजराथी असे ग्रँडमास्टर ज्या महाराष्ट्राने दिले, सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ ज्या मातीत उभे राहिले, तेथे मुलाच्या हाती देता येईल असा क्रमवार मराठी अभ्यास मला इंटरनेटवर फारसा सापडला नाही, याची खंत वाटते. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी व्याख्यान दुहेरी अवघड जाते. पटावरच्या स्थितीला भाषा लागत नाही म्हणून कोडी त्यांना लगेच जमतात, पण ‘का’ हे समजावणारा मजकूर त्यांना शाळेच्या भाषेतच हवा. लीचेसवर ‘स्टडी’ नावाची सोय आहे. तीत प्रकरणे करता येतात, प्रत्येक खेळीखाली टीप लिहिता येते आणि पुढच्या खेळ्या झाकून ठेवून मुलाला स्वतः शोधायला लावता येते. राजा-प्याद्याचे एंडगेम, फिलिडोर आणि लुसेना एवढी प्रकरणे मी मराठी टिपांसह तयार केली आहेत आणि मुले ती मोबाईलवर सोडवतात. कडेच्या प्याद्याचे प्रकरण सध्या लिहीत आहे. त्यानंतर वजीर विरुद्ध सातव्या ओळीतले प्यादे घेण्याचा विचार आहे.