मुंबई, दिल्ली की बंगळुरू : आखातातून परतणाऱ्या वैमानिकानं कुठला बेस मागावा?

दुबई, शारजा, दोहाहून उडणारे मराठी कमांडर (मुख्य वैमानिक) आणि फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) परतीची चौकशी करायला लागले की पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा विमानाचा. बेसचा, म्हणजे ज्या शहरातून ड्युटी सुरू होते आणि संपते त्याचा, विचार होतो तो कराराचा कागद हातात पडल्यावर. हा क्रम मला चुकीचा वाटतो. एकाच कंपनीत एकाच पदाचा पगार शहरागणिक फारसा बदलत नाही. बदलतं ते दोनच गोष्टींत : रिपोर्टिंगला, म्हणजे ड्युटीच्या हजेरीला, निघण्याआधी तुम्ही किती झोपू शकता, आणि आठवड्याची सुट्टी कोणासोबत जाते. इथलं काम बहुतांशी छोट्या सेक्टरांचं, म्हणजे कमी अंतराच्या उड्डाणांचं, पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या रिपोर्टिंगचं आहे. घरापासून विमानतळापर्यंतचा एक जास्तीचा तास रोज तुमच्या झोपेतून जातो.

शहरांकडे वळण्याआधी तिन्हीकडे सारखं काय आहे ते उरकून घेऊ.

नोकरी सोडताना द्यायच्या सूचनेचा काळ कमांडरसाठी एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिने. हा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, २०१७पासूनचा नियम आहे. म्हणजे बेस चुकला तर राजीनामा देऊन लगेच दुसरीकडे जाता येत नाही. बेस बदलून मागावा तर तिथे ज्येष्ठतेची रांग असते आणि नव्यानं आलेला माणूस रांगेच्या शेवटी. पहिली निवड जपून करायची ती यासाठी.

ब्रेथ ॲनालायझर इथे रोजचा आहे. आखातातल्या अधूनमधूनच्या तपासणीची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला खटकतं. वाचनात शून्यच यावं लागतं आणि पहिल्याच चुकीला तीन महिने परवाना निलंबित होतो. अल्कोहोल असलेला माउथवॉश घरातून काढून टाका.

ड्युटीच्या नियमांत नुकताच मोठा बदल झाला आहे आणि तो वैमानिकांच्या बाजूचा आहे. १ जुलै २०२५पासून आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. १ नोव्हेंबर २०२५पासून रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे सहा अशी लांबली आणि रात्रीच्या ड्युटीत सहापर्यंत चालणारी लँडिंग दोनवर आली. पाठोपाठ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि कंपनीला रात्रीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट मिळाली. नियम कागदावर चांगले आहेत, अंमलबजावणीत ओढाताण आहे. म्हणून सही करताना 'आज आपल्या रोस्टरला (ड्युटीच्या वेळापत्रकाला) कुठली सूट लागू आहे का' हे स्पष्ट विचारा.

आयकरही तिन्हीकडे एकच. महाराष्ट्र आणि कर्नाटकातला व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास असतो, दिल्लीत तो नाही. या रकमेवर शहर ठरवू नये. नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ३० टक्के, ५० लाखांवर गेलात की करावर १० टक्के अधिभार, एक कोटीच्या वर १५ टक्के, शिवाय ४ टक्के उपकर. जिथे आयकरच नव्हता तिथून येणाऱ्या घराला पहिल्या महिन्याची पगारपत्रिका जड जाते. एक दिलासा मात्र आहे. गेल्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा गेल्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर परतल्यावर काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा दर्जा मिळतो आणि तोवर परदेशातल्या ठेवींच्या व्याजासारख्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. परतीची तारीख ३१ मार्चच्या अलीकडे घ्यायची की पलीकडे, हे तिकीट काढण्याआधी सीएशी बसून ठरवा.

मुंबई

मराठी वैमानिक मुंबई मागतो ते आई-वडिलांसाठी, आणि हे कारण पुरेसं आहे. ते ठाण्यात, डोंबिवलीत किंवा दादरला असतील तर ४८ तासांच्या सुट्टीत त्यांना डॉक्टरकडे नेऊन आणता येतं आणि तरी एक अख्खा दिवस मुलांसाठी उरतो. आखातातून हेच जमत नव्हतं म्हणून तर बहुतेकजण परत येतात.

कामाच्या बाजूनं मुंबई सोपी नाही. ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच चालते आणि हा जगातल्या सर्वात व्यग्र एकधावपट्टी विमानतळांपैकी एक आहे. होल्डिंग, म्हणजे उतरायची पाळी येईतो हवेत घिरट्या घालणं, आलंच. दर वर्षी पावसाळ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे धावपट्टी दुरुस्तीसाठी काही तास बंद असते. जून ते सप्टेंबरच्या ओल्या धावपट्टीला आणि आडव्या वाऱ्याला मी गंभीरपणे घ्यायला सांगेन. आखातात वर्षानुवर्षं कोरड्या, लांबलचक धावपट्ट्यांवर उतरलेल्या हातांना पहिला पावसाळा शिकवणीसारखाच घ्यावा लागतो. पावसाळी उड्डाणांचं प्रशिक्षण कंपनी देतेच. तुम्ही एवढंच करा : जादा इंधन मागताना संकोच नको आणि गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, निर्णय लांबवू नका.

खरी अडचण घराची. अंधेरी, पार्ले, पवई इथे राहिलात तर पहाटे तीनच्या गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांत टर्मिनल गाठता येतं. पण आखातात कंपनीनं दिलेल्या तीन खोल्यांच्या घरानंतर इथलं तेवढ्याच भाड्याचं घर मुलांना लहान वाटणार. मग मंडळी ठाणे, घोडबंदर, कल्याणकडे सरकतात. पहाटे जाताना रस्ता मोकळा असतो म्हणून हिशेब जमल्यासारखा वाटतो. परतीचा रस्ता कोणी मोजत नाही. रात्रभर मस्कत किंवा दोह्याची फेरी करून सकाळी साडेआठला बाहेर पडाल तेव्हा आख्खी मुंबई रस्त्यावर असते आणि डोळे मिटत असतात. घर बघायला जाताना सकाळी नऊला विमानतळावरून निघून तिथवर जाऊन पाहा. जाहिरातीतल्या मिनिटांपेक्षा ही एक फेरी जास्त सांगेल.

त्यात आता नवी मुंबईची भर पडली आहे. तिथला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला सुरू झाला. ज्या कंपन्या दोन्हीकडून उडतात तिथे मुंबई बेस म्हणजे नेमका कुठला विमानतळ, की दोन्ही, हे विचारल्याशिवाय घराची अनामत देऊ नका. पनवेल-उलव्याला घर घेऊन सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, रिपोर्ट करणं आणि अंधेरीला राहून नवी मुंबईला जाणं, दोन्ही सारखंच थकवणारं. अटल सेतूमुळे दक्षिण मुंबई जवळ आली, अंधेरी नाही. आजच्या घडीला दोन्ही विमानतळ आवाक्यात ठेवायचे असतील तर चेंबूर-घाटकोपरच्या पट्ट्यात घर पाहावं असं मला वाटतं.

पुण्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण निम्म्या मराठी घरांचा मनसुबा तोच असतो : बेस मुंबई, बिऱ्हाड पुणे. मुलांची शाळा, स्वतःचं घर, सासर-माहेर सगळं तिथे. पण द्रुतगती मार्ग कितीही चांगला असला तरी साधारण दीडशे किलोमीटर कापून, घाट उतरून ड्युटीला जायचं, आणि हा प्रवास तुमच्या ड्युटीच्या वेळेत मोजला जात नाही. कंपनीनं प्रवासी म्हणून पाठवलं तर तो वेळ ड्युटीत धरतात. स्वतःच्या घरून येण्याचा धरत नाहीत. रात्रीच्या ड्युटीनंतर झोपाळलेल्या डोळ्यांनी खंडाळ्याचा घाट चढणं हा धोका आहे आणि तो कुठल्याही घरासाठी पत्करू नये. पुणं हवंच असेल तर विमानतळाजवळ एक खोली भाड्यानं घ्या, ड्युट्या सलग मागा आणि सुट्टीतच घरी जा. तो खर्च पगारातून वजा करा आणि मग मुंबई-पुणे परवडतं का ते पाहा.

दिल्ली-गुरुग्राम

मोठ्या विमानांवर जायचं असेल तर माझं मत सरळ आहे : दिल्ली घ्या. एअर इंडियाचं मुख्य केंद्र तिथे आहे. २०२३मध्ये तिनं ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्यात ए-३५० ही लांब पल्ल्याची मोठी विमानं होतीच. इंडिगोनंही २०२४मध्ये ३० ए-३५० मागवली. दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं गुरुग्रामला, सिम्युलेटरचा मोठा ताफा गुरुग्राम आणि ग्रेटर नोएडात, डीजीसीएचं मुख्यालय सफदरजंगला. परवान्याची कामं आता ई-जीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर होतात, तरी दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरसाठी हॉटेलात राहावं लागत नाही हा फायदा लहान नाही. द्वारका किंवा गुरुग्रामला मुंबईच्या भाड्यात दीडपट घर मिळतं आणि द्वारका द्रुतगती मार्गामुळे टर्मिनल तीन सोयीचं झालं आहे. धावपट्ट्या चार.

किंमत हिवाळ्यात मोजावी लागते. साधारण १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा काळ धरतात आणि त्या वेळात दिल्लीच्या उड्डाणांवर कॅट-३, म्हणजे अतिशय कमी दृश्यतेत उतरण्याचं, प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लावावे लागतात. कॅट-३बीमध्ये धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असली तरी उतरता येतं, पण उड्डाणाला १२५ मीटर लागतात. म्हणून उतरलेलं विमान तासन् तास उभं राहतं, ड्युटीची मर्यादा संपत येते आणि प्रवासी तुमच्याकडे बघत असतात. आखातातल्या हिवाळी धुक्याचा अनुभव असेल तर तंत्र नवं नाही, मुक्काम लांब आहे. नाताळात मुलांना शाळेची सुट्टी, आणि नेमकी तेव्हाच तुमची रजा मिळणं कठीण.

त्याहून मोठी गोष्ट हवा. नोव्हेंबरात तिथला हवेचा निर्देशांक ४००च्या पुढे जातो. वडिलांना दमा असेल किंवा मुलाला लहानपणी पंप लागत असेल तर मी दिल्ली घेऊ नका म्हणेन, मोठं विमान मिळत असलं तरी. तुमचा स्वतःचा क्लास-१ मेडिकलही (परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी) दर वर्षी याच फुप्फुसांवर व्हायचा आहे.

आणि 'तात्पुरती दिल्ली घेतो, कुटुंब पुण्याला राहील' हा बेत करू नका. कर्मचारी म्हणून मिळणाऱ्या तिकिटावर सुट्टीचे ४८ तास रिकाम्या सीटची वाट पाहण्यात जातात. सणासुदीला ती मिळतच नाही.

बंगळुरू

पत्नी किंवा पती आयटीत असेल तर बंगळुरूचा विचार सर्वात आधी करा. आखातात अनेक जोडीदारांची नोकरी सुटलेली असते आणि परतीनंतर दोघांचं काम सुरू होणं ही या सगळ्या व्यवहारातली मोठी कमाई आहे. देवनहळ्ळीच्या विमानतळाला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, होल्डिंग मुंबईपेक्षा कमी, हवा वर्षभर सोसवणारी. एप्रिल-मेमधली संध्याकाळची वादळं आणि थंडीतलं सकाळचं धुकं सोडलं तर हवामान तुमच्या बाजूचं.

अंतर मात्र तुमच्या बाजूचं नाही. विमानतळ शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला, आणि आयटीचे मोठे पट्टे पूर्वेला व दक्षिणेला. तुम्ही यलहंका किंवा सहकारनगरला राहिलात तर तुमची झोप वाचते, पण व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्या जोडीदाराचे रोजचे तीन तास जातात. हेब्बाळचा उड्डाणपूल संध्याकाळी एकदा पार करून बघाच. जोडीदाराचं ऑफिस मान्यता टेक पार्कसारखं उत्तरेला असेल, किंवा घरून काम असेल, तर हे शहर तिन्हींत सर्वात सुखाचं. नसेल तर गोष्ट अवघड होते. घराची अनामतही जास्त मागतात, पाच-सहा महिन्यांचं भाडं हाताशी ठेवा.

मुलांची भाषा

याचा विचार फार थोडे करतात. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानं सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, कर्नाटकात तशीच कन्नड. दिल्लीत हिंदी येत असली की भागतं. आखातातल्या सीबीएसई शाळेतून सहावी-सातवीत आलेल्या मुलीला घरात बोललेली मराठी असते, लिहायची नसते. तरी आजी शेजारी असेल तर वर्षभरात ती लिहायला लागते. कन्नड शून्यापासून सुरू करावी लागते. मूल तिसरीच्या आत असेल तर सहज शिकतं, आठवीच्या पुढे असेल तर शाळेशी आधी बोलून घ्या. दिल्लीत पहाडगंजला नूतन मराठी विद्यालय आहे, पण द्वारकेहून ते रोजच्या पल्ल्यातलं नाही. मराठी घरातच जपावी लागेल.

मला विचाराल तर चाळिशीतला कमांडर, दोन शाळकरी मुलं, आई-वडील महाराष्ट्रात, अशा घरानं लहान घर पत्करून मुंबई घ्यावी. तिशीतल्या, मूल नसलेल्या फर्स्ट ऑफिसरनं दिल्ली घ्यावी, मोठ्या विमानावर तास जमवावेत आणि ज्येष्ठता वाढल्यावर बदली मागावी. दोघांची करिअर तितकीच महत्त्वाची असेल तर उत्तर बंगळुरू.

कुठलाही बेस घ्या, चार उत्तरं ई-मेलवर लेखी मागा : हा बेस किती काळ पक्का आहे, बदलीच्या यादीत सध्या किती जण पुढे आहेत, घरून नेणारी गाडी किती किलोमीटरपर्यंत येते आणि पगारात किती तासांची हमी आहे. मनुष्यबळ विभागानं फोनवर दिलेलं 'सहा महिन्यांत मुंबई मिळेल' हे आश्वासन रोस्टर विभागाला माहीतही नसतं.